गाडीतल्या मंचाविषयी साडूंना खुलासा

आदरणीय साडूबुवांस,

वयाने मी मोठा असलो तरी पत्र आधी मी लिहितो आहे, तेव्हा नमस्कारही आधी माझाच धरावा. इकडे सर्व क्षेम आहे. एकाच माणसाच्या घरात ‘सर्व’ हा शब्द वापरता येतो काय, असा आक्षेप तुम्ही घ्याल, म्हणून आधीच दुरुस्ती करतो : मी क्षेम आहे, आणि माझ्याखेरीज येथे कोणी नाही, सबब सर्व क्षेम आहे. तुमचा रक्तदाब कसा आहे? रात्री झोप लागते काय? मीठ कमी केले काय, की अजूनही सून आत गेली की वरून घेता? चिरंजीवांनी चौथ्या मजल्यावरचे घर घेतले आणि त्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून काही दिवस विश्रांती घेते, असे ऐकतो. बस आगारात सारा जन्म वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या आणि भोंग्याविना कोणाशी न बोललेल्या माणसाने एवढ्या उंचावर गप्प बसून राहावे, हे मला पटत नाही. पण तो माझ्या अधिकाराचा विषय नव्हे.

पत्राचे कारण एवढेच की माझ्या मुलीने तुमच्या सुनेला आणि तुमच्या सुनेने तुम्हाला असे सांगितल्याचे कळते की, मी घर सोडून गाडीत राहायला गेलो आहे. हे वृत्त तीन ठिकाणी चुकीचे आहे. मी घर सोडलेले नाही, गाडीत राहायला गेलेलो नाही, आणि जो काही गेलो होतो तो एका दुपारपुरता गेलो होतो. (असे वृत्त कानावर येऊनही तुमचा फोन आला नाही, याचा मी राग धरलेला नाही. नोंद घेतली आहे.) वस्तुस्थिती अशी की गाडीत झोपता यावे आणि सामानही राहावे असा एक लाकडी मंच मी स्वतः तयार केला आहे, तो घेऊन मला काही दिवस एकांतासाठी बाहेर जायचे आहे, आणि मी एकट्याने जाऊ नये, एकट्यालाच जायचे असेल तर ही एवढी मोठी गाडी विकून टाकावी, असा माझ्या मुलीचा पक्ष आहे. येत्या पहिल्या तारखेला गाडी पाहायला गिऱ्हाईक येणार आहे. तेव्हा खुलासा लवकर केलेला बरा.

गाडी मोठी का घेतली, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या मेहुणीने (म्हणजे माझ्या पत्नीने, नाते तुमच्या बाजूने सांगितले की मला लिहायला सोपे जाते) शोरूममध्ये पाऊल टाकताच सर्वांत मोठ्या गाडीवर बोट ठेवले. विक्रेत्याने विचारले, घरात माणसे किती? ती म्हणाली, ‘फिरायला जाणारी चार. पण त्यातल्या दोघांमध्ये अंतर लागतं.’ ते दोघे म्हणजे तुम्ही आणि मी. छोट्या गाडीत आपण शेजारी बसलो की दोन्ही बहिणींना डोके धरून बसावे लागे, हे तिचे निरीक्षण होते आणि ते निराधार नव्हते. पुढे त्या मोठ्या गाडीतून आपण चौघे एकदाच निघालो. डोंगरातल्या तळ्याकडे जाणारा रस्ता उजवीकडे की डावीकडे, यावर फाट्यावर आपला जो वाद झाला तो संपेपर्यंत उन्हे उतरली. दोघी बहिणींनी तिथेच दगडावर बसून डबे उघडले, आणि जेवण झाल्यावर घरी परतण्याचा ठराव आपल्याला न विचारता मंजूर केला. तळे राहिले. नंतर आधी माझी मेहुणी गेली, मग तुमची. गाडी छपराखाली उभी राहिली, आणि मी अधूनमधून इंजिन चालू करून बंद करू लागलो, बॅटरी उतरू नये म्हणून.

आता मंचाविषयी. (तुम्ही त्याला फलाट म्हणाल. आगारात दिवस काढलेल्या माणसाला प्रत्येक सपाट गोष्ट फलाट दिसते.) मागच्या सीटा दुमडल्या की डिकीपासून पुढच्या सीटांपर्यंत जी जागा होते, तीत गुडघ्याएवढ्या उंचीचे लाकडी खण करायचे, खणांत सामान ठेवायचे, खणांवर झाकणे बसवायची आणि झाकणांवर गादी टाकून झोपायचे, अशी ही रचना. सुताराला सांगितले असते तर दोन-चार दिवसांत काम झाले असते. परंतु मग ते दिवस संपल्यावर पुढे काय करायचे, हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला असता. म्हणून करवत, ड्रिल आणि मोजपट्टी मी स्वतःच हाती घेतली. प्लायवुडच्या दुकानदाराने विचारले, पलंगासाठी का? मी त्याला पलंग, पेटी आणि मंच यांतील भेद सविस्तर समजावून दिला. तोवर मागे तीन गिऱ्हाइके उभी राहिली होती. सगळे ऐकून तो म्हणाला, ‘म्हणजे पलंगच ना?’ आणि त्याने पावतीवर तसे लिहिले.

काम अवघड नव्हते, काम करताना जी शांतता असे ती अवघड होती. तुम्हाला ठाऊक आहे, मी तर्कशास्त्र शिकवले. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडायचे आणि मग ते खोडायचे, ही माझी शिस्त. घरात ही सोय उत्तम होती. मी कोणतेही विधान केले की स्वयंपाकघरातून ‘असं काही नाही’ हे उत्तर यायचे. विधान काय होते ते ऐकण्याआधीही यायचे. मी त्याला पूर्वपक्ष म्हणत असे, ती त्याला बोलणे म्हणत असे. गेली दोन वर्षे मी जे म्हणतो ते घरात जसेच्या तसे राहते. सकाळी एखादे विधान केले तर संध्याकाळी ते तिथेच पडलेले सापडते. अशा स्थितीत माणसाच्या हातून चुका होणारच.

नाही म्हणायला शेजारचे निवृत्त विमा अधिकारी मंचाचे काम पाहायला रोज येत. त्यांना मी मनातल्या मनात अनुमोदक म्हणतो. गृहस्थ सज्जन आहेत, पाठीमागे हात बांधून उभे राहतात आणि ‘अगदी बरोबर’ म्हणतात. एकदा परीक्षा पाहावी म्हणून मी म्हणालो, ही फळी उभी लावावी लागेल. ‘अगदी बरोबर.’ थोड्या वेळाने म्हणालो, छे, ही आडवीच हवी. ‘अगदी बरोबर.’ अशा माणसापेक्षा भिंत बरी. ती निदान मान डोलावत नाही.

मंचाची मांडणी मी पुढील विचाराने केली. झोपलेल्या माणसाला जे लागते, ते त्याच्या सर्वांत जवळ असावे. झोपलेल्या माणसाच्या सर्वांत जवळ त्याच्या पाठीखालची फळी असते. म्हणून त्याला लागणाऱ्या वस्तू त्या फळीच्या खाली असाव्यात. या तीन वाक्यांत दोष दाखवा. तुम्ही लगेच दाखवाल, हे मला मान्य आहे. मला तो वापरून पाहीपर्यंत दिसला नाही. शिवाय अचानक ब्रेक दाबला तर सामान चालकाच्या मानगुटीवर येऊ नये म्हणून पुढच्या सीटांमागे छतापर्यंत एक फळी उभी केली, आणि हवा खेळावी म्हणून तिला भोके पाडली. मंचाला उजवे आणि डावे अशी दोन लांब झाकणे केली, कारण एकच अखंड झाकण उचलायला जड जाते. गाद्याही दोन केल्या, कारण एक उन्हात टाकली तर दुसरी हाताशी राहते. गादीवाल्याने विचारले, दोघांसाठी का? मी म्हणालो, प्रश्न अप्रस्तुत आहे. उजवी बाजू मी झोपण्यासाठी घेतली. डावी बाजू समतोलासाठी आहे.

आता ती दुपार. हवा थंड होती, आकाश भरलेले होते, आणि घरात घड्याळाखेरीज कशाचाही आवाज नव्हता. चाचणीला योग्य दिवस होता. मी तत्त्वानुसार चष्मा, फोन, पाण्याची बाटली, गोळ्या आणि गाडीची किल्ली उजव्या खणात ठेवली, झाकण मिटले, वर गादी अंथरली, मागल्या बाजूच्या दारातून आत सरकलो आणि दार ओढून घेतले. झोप फार चांगली लागली. घरात इतक्यात अशी लागलेली नाही; याचे कारण मी शोधलेले नाही. जाग आली ती तहानेने. बाटली माझ्या पाठीच्या बरोबर खाली होती. ती काढायची तर झाकण उचलायला हवे, झाकण उचलायचे तर मी त्यावरून उठायला हवे, आणि उठायचे तर छत वर सरकायला हवे, कारण मंच आणि छत यांच्यामध्ये झोपलेला माणूस मावतो, बसलेला मावत नाही. मी आडवाच डाव्या बाजूला लोळलो आणि उजवे झाकण उचलले. गादी छताला लागली आणि झाकण वीतभर उघडून थांबले. आत हात घातला. बाटलीला बोटे लागली, आणि बाटली आणखी आत गेली.

तेव्हा बाहेर पडावे असा विचार केला. दाराची कडी ओढली. दार उघडेना. नात लहान असताना धावत्या गाडीचे दार उघडील म्हणून मुलीने मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक लावले होते. नात आता स्वतः गाडी चालवते, परंतु लॉक काढायचे कोणाला सुचले नव्हते. डिकीला आतून कडी नसते. काचा किल्लीशिवाय खाली येत नाहीत. पुढे जावे तर माझीच फळी, अतिशय भक्कम. पुढच्या दोन्ही काचा उघड्या होत्या, त्यामुळे हवेची चिंता नव्हती. एकूण परिस्थिती अशी की मी माझ्याच सिद्धांतावर पडून होतो आणि तो काही केल्या उघडत नव्हता.

इतक्यात अनुमोदक आले. काचेशी वाकून त्यांनी विचारले, ‘काय, झाली का झोप?’ मी म्हणालो, झाली, परंतु रचनेत एक त्रुटी राहिलेली दिसते. ते म्हणाले, ‘अगदी बरोबर.’ मी म्हणालो, आतून बाहेर पडण्याची तरतूद अपुरी आहे. ते म्हणाले, ‘नवीन कामात असतंच असं काहीतरी.’ मी म्हणालो, या अवस्थेत फार वेळ राहणे इष्ट नाही. त्यावर ते म्हणाले, ‘अगदी बरोबर. माणसानं मोकळ्या हवेत फिरायला पाहिजे. मी तिकडेच निघालोय.’ आणि निघाले. जाताना हात हलवला. मीही हलवला, सभ्यतेचा प्रश्न होता.

तुम्ही विचाराल, सरळ ‘दार उघडा’ का म्हणालो नाही? दोन शब्द आहेत, दोन्ही सोपे. मी ते मनात जुळवलेही होते. परंतु सवय नाही. घरात तशी वेळ आली नव्हती; मला काय हवे ते माझ्या आधी तुमच्या मेहुणीला कळत असे, आणि कळल्यावर आधी त्याला कडाडून विरोध करून मग ती ते आणून देत असे. मागण्याचा प्रसंग मध्ये कुठे आलाच नाही.

मग पुष्कळ वेळ मी पडून राहिलो. वेळ जावा म्हणून स्वतःशी वाद घालून पाहिला, पण दोन्ही बाजू मीच मांडत असल्याने दोन्ही फार सौजन्याने बोलू लागल्या. म्हणून दुसरी बाजू तुमच्याकडे दिली. तुम्ही म्हणालात, ‘आमच्या आगारात असला ड्रायव्हर असता ना, तर गाडी धुवायलासुद्धा दिली नसती त्याच्याकडे!’ मी म्हणालो, विधान व्यक्तिगत आहे. तुम्ही म्हणालात, ‘गाडीत अडकलाय कोण, तुम्ही का मी?’ यावर मला उत्तर सुचले नाही आणि हसू आले. हसण्याने गाडी हलली. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पावले भराभर उचलली. बऱ्याच दिवसांत मी वाद हरलो नव्हतो, साडूबुवा. बरे वाटले.

संध्याकाळी मुलगी आली. अनुमोदकांनी तिला फोन करून कळवले होते की बाबा मजेत आहेत, दुपारपासून गाडीतच असतात. तिने बाहेरून दार उघडले. विचारले, ‘बाबा, किती वेळ आहात इथं?’ मी म्हणालो, वेळेचा मुद्दा गौण आहे. ती घराच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसायची थांबली, पण पाणी थांबले नाही, आणि तो भाग मला अवघड गेला. ‘हेच कुठं आडरानात झालं असतं तर?’ मी म्हणालो, जे झालेले नाही त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पुढे आमचा वाद चहा गार होईपर्यंत चालला. तिला वाद घालायला मीच शिकवले आहे, तरी तिचे एकेक म्हणणे मी पद्धतशीर खोडून काढले. शेवटी ती म्हणाली, ‘तुम्ही जिंकलात बाबा. आता किल्ली द्या.’ आणि घेऊन गेली.

जाताना अट घातली : दुसरे माणूस बरोबर असेल तरच किल्ली परत मिळेल, नाहीतर पहिल्या तारखेला सौदा. मी ‘माणूस’ या शब्दाची व्याख्या मागितली. ती म्हणाली, ‘तुम्हाला तोंडावर नाही म्हणेल ते.’ अनुमोदकांनी बरोबर येण्याची तयारी तत्परतेने दाखवली होती. ते या व्याख्येनेच बाद झाले.

त्यानंतर मी दोष दूर केले आहेत. चाइल्ड लॉक काढले. झाकणांचे उशाकडचे तुकडे वेगळे केले, ते गादी न हलवता उघडतात. आता मंच निर्दोष आहे. तो पाहायला कोणी येत नाही. अनुमोदक येतात, पण ते पाहणे नव्हे.

जाता जाता एक शुद्ध तात्त्विक प्रश्न. पत्राच्या विषयाशी त्याचा संबंध नाही. परवा तुमचा उल्लेख निघाला तेव्हा अनुमोदकांनी विचारले, ते तुमचे कोण? मी ‘साडू’ म्हणालो आणि अडलो. ज्यांच्या बायका एकमेकींच्या बहिणी आहेत ते साडू. ‘आहेत’, असे व्याख्या म्हणते. दोघीही नाहीत. मग आपण एकमेकांचे कोण? आपण मित्र नव्हतो. मैत्री करायला सवडच झाली नाही, भांडणातच सारा वेळ जाई. मी स्वतःला असे उदाहरण दिले की कमान बांधताना खाली लाकडी आधार देतात, आणि कमान बसल्यावर तो काढून घेतला तरी ती उभी राहते. उदाहरण सुरेख आहे, पण सदोष आहे : तो आधार काढून घेण्यासाठीच लावलेला असतो. या दोघी तशा नव्हत्या. तेव्हा प्रश्न मी अनिर्णित ठेवला आहे. तुमचे मत वेगळे असणार. ते काय आहे, हे कळण्याची मला उत्सुकता आहे, असे म्हणता येईल.

चिरंजीवांस व सूनबाईंस आशीर्वाद. लोभ वाढवा अशी विनंती करीत नाही. होता तेवढा पुरेसा होता.

आपला,
(नात्याचा प्रश्न वर अनिर्णित असल्याने पुढची जागा कोरी सोडतो.)

ताजा कलम : मंचाची डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटे आखूड आहे, हे सांगायचे राहिले. आखूड असली तरी तुमच्या उंचीच्या माणसाला ती पुरते. कापताना कोणाची उंची डोळ्यांपुढे होती, याचे उत्तर देण्यास मी बांधील नाही.

आणखी एक : गाडीत चढायला लाकडी पायरी केली आहे. मला ती लागत नाही. तुमचे गुडघे धरतात.

शेवटचे : वर मी ‘एकांतासाठी’ असे लिहिले आहे. ते वाक्य खोडायचे होते, पण स्वच्छ कागदावर खाडाखोड मला सोसत नाही. ते खरे नाही. एकांत येथे भरपूर आहे, त्यासाठी पेट्रोल जाळण्याचे कारण नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला. तुमचे उत्तर ‘नाही’ असेल, असे मी धरून चालतो, कारण आजवर माझ्या कोणत्याही म्हणण्याला तुम्ही पहिल्या फेरीत हो म्हटलेले नाही. मात्र ते नाही पत्राने कळवू नका, फोनवरही नको. पहिल्या तारखेच्या आत इथे या, आणि समोर बसून, आवाज चढवून, माझ्या मुलीला ऐकू जाईल असे म्हणा.